सेराफिमदाजींची नवसाची दाढी

सेराफिम रापोझु म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ओडिलियाचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणते. अमेरिकेतल्या आमच्या फॉल रिव्हर गावात त्यांच्या नावाने चौकशी केलीत तर बेकरीवालासुद्धा डोकं खाजवत बसेल. 'दाढीवाला रंगारी' म्हणा, की लगेच बोट दाखवतील. दाढी होतीच तशी. पांढरीशुभ्र, दाट, पार पोटापर्यंत आलेली, आणि रोज सकाळी बदामाचं तेल लावून विंचरलेली. ओडिलिया म्हणायची, "या माणसाने इतक्या मायेने कधी माझ्या केसांकडे बघितलं नाही."

ओडिलिया गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या तीन मजली लाकडी घरात दाजी सगळ्यात वर एकटे आणि मी सगळ्यात खाली एकटी. मधल्या मजल्यावर भाडेकरू येतात नि जातात. दाजींचं जेवण माझ्याकडे असतं आणि आमचं भांडण जिन्यात होतं.

दाढी नवसाची होती. त्यांची एकुलती एक लेक नेल्या चार वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले होते. ओडिलिया खाटेपाशी बसून राहिली आणि दाजी उठले ते थेट सांतु क्रिस्तुच्या चर्चमध्ये गेले. आम्ही पोर्तुगालच्या सान मिगेल बेटावरची माणसं. बेट सोडून किती का वर्षं होईनात, दुखलं-खुपलं की पाय आपोआप सांतु क्रिस्तुकडे, म्हणजे आमच्या ख्रिस्ताकडे वळतात. कुणी गुडघ्यांवर चालण्याचा नवस बोलतं, कुणी आपल्या उंचीची मेणबत्ती बोलतं. दाजी मात्र भलतंच बोलून बसले. माझी पोर वाचव, जन्मात गालाला वस्तरा लावणार नाही.

पोर वाचली. आज ती बँकेत मॅनेजर आहे आणि माझ्यावर ओरडते.

मी एकदा दाजींना म्हटलं होतं, "अहो, वर्षभराचा नवस बोलायचात! जन्मभराचं कुणी बोलतं का?"

दाजी म्हणाले, "मी वर्षभराची पोर मागितली नव्हती, झुल्मिरा."

मी त्यांच्यापुढे कोबीचं सूप वाढलं.

आता त्यांच्या कामाचं सांगते. आमच्या गावातली घरं गिरण्यांच्या काळातली. लाकडी भिंती, लाकडी खिडक्या, आणि त्यावर थरावर थर शिशाचा रंग. दाजी तरुणपणी आले तेव्हा हा रंग ब्लो-टॉर्चने जाळायचे, कोरडाच खरवडायचे आणि त्याच हातांनी पाव-चोरीसू खायचे. चोरीसू म्हणजे आमचं तिखट सॉसेज, त्याशिवाय दाजींचं पान हलत नाही. पुढे शिसं विषारी म्हणून कायदा आला. घरात लहान मूल असेल तर शिसं काढायलाच हवं. आणि कुणीही उपटसुंभाने उठावं नि खरवडावं असंही नाही. त्यासाठी परवाना हवा. शिबिर करायचं, परीक्षा द्यायची, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, तपासणीला रक्त द्यायचं, आणि शेवटी मास्क नीट बसतो की नाही त्याची चाचणी. हे सगळं झालं की फोटोचं कार्ड मिळतं. तेही दरवर्षी नवं करायचं.

दाजींचा मुकादम वालडेमार. त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, कार्ड नाही तर काम नाही. दाजी साठीला आले होते, पण गडी शिबिराला गेला, परीक्षा पास झाला, रक्तही देऊन आला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मात्र जिन्यात त्यांचे पाय असे वाजले की मी हातातलं भांडं टाकून बाहेर आले.

"काय झालं?"

"केळ्यांनी घात केला," दाजी म्हणाले.

मला वाटलं, पोट बिघडलं. मग त्यांनी सांगितलं. मास्क घालून उभं करतात आणि तोंडासमोर पिकल्या केळ्याच्या वासाचं तेल फिरवतात. मास्क गालाला घट्ट बसला असेल तर वास येत नाही. गुळगुळीत दाढी केलेल्या पोरांना काही कळलंही नाही. दाजींना मात्र आख्ख्या केळीच्या बागेत उभं असल्यागत वास आला.

"शिकवणारा म्हणतो, दाढी काढा आणि परत या. मी म्हटलं, मी एक वेळ मान काढून देईन."

"मानेवर मास्क बसत नाही, दाजी."

"तू गप गं."

नेल्याला कळलं तेव्हा तिने फोनवरून सुनावलं, "पापा, केस आहेत ते! परत येतील." दाजींनी फोन ठेवून दिला. तिला मेंदूज्वरातलं काहीच आठवत नाही. आम्हाला आठवतं. मी तेव्हा दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बसलेली होते, आणि आतून माझ्या भाचीचा आवाज येईनासा झाला तो क्षण अजून माझ्या अंगावर काटा आणतो. म्हणून मी दाजींची टिंगल कितीही केली तरी दाढी काढा असं त्यांना कधी म्हटलं नाही.

मार्ग वालडेमारने काढला. असं एक आख्ख्या डोक्यावरून घ्यायचं टोपडं मिळतं. पुढे काच, कमरेला पंखा नि बॅटरी. पंखा गाळलेली हवा आत फेकत राहतो, त्यामुळे ते गालाला घट्ट बसावं लागत नाही. दाढीवाल्यांना नियमात हे चालतं. टोपड्याला खाली झालर असते. दाढी आत घ्यायची, झालर कपड्यांच्या आत खोचायची, की झालं. दाजींना कार्ड मिळालं. फोटोत अर्धं कार्ड दाढीनेच भरलं होतं.

बाई गं, त्या कार्डाचा काय तोरा! मयताला गेले तरी खिशातून काढून दाखवायचे. आणि उपदेश तर विचारू नका. "झुल्मिरा, कोरडा झाडू मारू नकोस, धूळ उडते. ओल्या फडक्याने पूस. खिडकीची चौकट आधी." मी चाळीस वर्षं पडद्यांच्या कारखान्यात काढली, मला खिडकी शिकवतात! पण एक कबूल करायला हवं, कामाला माणूस चोख. लहान पोरं असलेल्या घरी गेले की आईबापांना जवळ बसवून समजवायचे, पोरांचे हात धुवा, चौकटी पुसा, धूळ डोळ्याला दिसत नाही म्हणजे ती नाही असं समजू नका. बायका त्यांना गोड पाव बांधून द्यायच्या. आणि दर काही महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या रक्तात थोडं जास्त शिसं निघायचं. वालडेमार काळजीने विचारायचा, तर हे हसून म्हणायचे, "रंगारी आहे. रक्तात थोडा रंग असायचाच."

मग नेल्याला मुलगी झाली, हेली. नाव अमेरिकन, पण डोळे थेट माझ्या ओडिलियाचे. नेल्या आणि तिचा नवरा ब्रायन नदीपलीकडे सॉमरसेटला राहतात. नवं घर आहे, शिशाचा रंग बंद झाल्यानंतर बांधलेलं. नेल्या बँकेतून येईपर्यंत सकाळपासून मी हेलीजवळ असायची. दुपारी काम आटोपून दाजी यायचे. त्यांचा नेम ठरलेला. कामावरच आंघोळ, कामाचे कपडे पिशवीत बंद, बूट ट्रकमध्ये. घरात स्वच्छ कपड्यांनी येणार, पुन्हा कोपरापर्यंत हात धुणार, आणि मगच नातीला घेणार. हेली त्यांना 'वावो' म्हणायची, म्हणजे आजोबा. तिला मांडीवर घेऊन बसले की ती दोन्ही मुठींनी दाढी पकडायची, तोंड त्यात खुपसायची आणि तशीच झोपायची. दुसरी कुठली चादर, बाहुली तिला चालायची नाही.

वर्षाच्या पोरांचं रक्त आमच्याकडे तपासतातच. हेलीच्या रक्तात शिसं निघालं, आकडा नऊ. डॉक्टर म्हणाले, फार नाही, पण असायला नको. या वयात ते मेंदूत जातं, पोर शिकायला मागे पडते, आणि गेलेलं परत भरून येत नाही.

दाजींचा चेहरा पडला आणि मग तापला. त्यांच्या नातीच्या रक्तात शिसं! त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. नेल्याने तपासनीस बोलावला. त्याने बंदुकीसारखं यंत्र प्रत्येक भिंतीला, दाराला, खिडकीला लावून पाहिलं. काही नाही. नळाचं पाणी पाहिलं. काही नाही. मग दाजींनी मोर्चा ब्रायनकडे वळवला. ब्रायनला मासेमारीचा नाद, आणि गळाला वजनं लावतात ती शिशाची. दाजींनी त्याची आख्खी पेटी उचलून बाहेर नेली. त्यानंतर झिलईत शिसं असेल म्हणून माझी मातीची भांडी गेली, बाजारातून आणलेली खेळणी गेली, बेटावरून आलेली चिनीमातीची बशी गेली. मी म्हटलं, "दाजी, आता मलाच काय ते फेकायचं राहिलंय."

"तुझ्यात शिसं नाही. तुझ्यात नुसतं मीठ-मिरची आहे."

काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. चौदा.

त्या दिवशी नेल्या कोठीघरात जाऊन, दार लावून रडली. बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं, पण मी तिची मावशी आहे, मला काय कळत नाही? ती म्हणाली, "मावशी, हे कुठून येतंय तेच कळत नाही. घरात आहे आणि दिसत नाही. मी माझ्या पोरीला कशापासून लांब ठेवू?" माझा जीव तिळतिळ तुटला.

मग आरोग्य खात्याची नर्स आली. मिसेस ब्रॅनिगन, वयस्कर, शांत बाई. दुपारची वेळ होती. नेल्या सुट्टी घेऊन घरी थांबलेली. मी टेबलाशी होते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत दाजी. हेली त्यांच्या मांडीवर होती.

नर्सने विचारलं, घरात कुणी रंगाचं काम करतं का? दाजींनी ताबडतोब कार्ड काढलं. मग टोपडं, आंघोळ, पिशवी, बूट, कोपरापर्यंत हात, सगळं पाठ म्हणून दाखवलं. नर्स मान डोलवत ऐकत होती, पण बघत होती हेलीकडे. हेलीने दाढीचं टोक तोंडात धरलं होतं आणि निवांत चोखत होती.

"मिस्टर रापोझु," नर्स हळूच म्हणाली, "काम करताना ही दाढी टोपड्याच्या आत असते ना?"

"शिकवलं होतं तसं," दाजी म्हणाले. मग कार्ड खिशात ठेवलं. आमच्या दाजींना खोटं बोलता येत नाही, तोंडावरच दिसतं. "आत फार घाम येतो. आणि... नवसाची आहे ती. ज्याला दिली त्याला दिसायला हवी. नवस काय पिशवीत कोंबून ठेवायचा? मी झालर खोचत नाही, दाढी तिच्याखालून बाहेर सोडतो."

"आणि धुता कशी?"

"ओल्या फडक्याने पुसतो. मग तेल लावतो."

तेल लावलेल्या दाढीला धूळ कशी धरते हे मला कुणी सांगायला नको होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! ब्रायनची पेटी गेली, माझी भांडी गेली, आणि शिसं रोज दुपारी खुर्चीत येऊन बसत होतं. मी नेल्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं, आणि ती बापाकडे बघायचं टाळत होती. नर्सने काही बोलायला तोंड उघडलं, पण दाजींनी हात वर केला. त्यांनी दाढीचं टोक हेलीच्या तोंडातून हळूच सोडवलं. तिला उचलून माझ्याकडे दिलं. मग म्हणाले, "ते धूळ तपासायचं फडकं आहे ना तुमच्याकडे? चौकटीसाठी असतं ते. द्या इकडे."

शंभर घरांच्या चौकटी पुसून त्यांनी अशी फडकी प्रयोगशाळेला पाठवली असतील. तसंच त्यांनी दाढी पुसली. वरून खाली, मग घडी घालून आडवं. फडकं करडं झालं. नळीत घालून त्यांनी झाकण लावलं, नर्सच्या हातात दिलं आणि टोपी घेऊन निघून गेले. हेली दाराकडे हात करून रडायला लागली.

नर्स भली बाई. तिने दाजींसाठी निरोप ठेवला, रोज साबणाने धुवा, तेल बंद करा, कामावर आत खोचा. दाजींनी तसं केलं. वालडेमारकडून रजा घेऊन घरी बसले आणि दिवसातून किती वेळा दाढी धुवायचे देव जाणे, माझं गरम पाणी संपायचं. त्या दिवसांत सॉमरसेटला पाऊल टाकलं नाही. पहिल्या फडक्यात शिसं निघालंच होतं. धुतल्यानंतर दुसरं फडकं पाठवलं, त्यात कमी निघालं, पण निघालं. तिसऱ्यातही.

नेल्या आली. "पापा, काम सोडा. पुष्कळ झालं आता."

"काम सोडलं तर दाढीतलं शिसं चालत जाणार आहे का?" दाजी म्हणाले. "आणि वालडेमारकडे कार्डवाली माणसं किती आहेत? हेलीसारखी पोरं घराघरात वाट बघत बसलीयत."

"मग काय करायचं?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. "जे धुऊन साफ होत नाही ते काढून टाकायचं. मी लोकांना तेच सांगतो."

पण बोलणं सोपं असतं. नेल्या गेल्यावर ते माझ्या स्वयंपाकघरात बसले आणि मनातलं बोलले. "झुल्मिरा, मी सांतु क्रिस्तुशी सौदा केला होता. ही दाढी आहे तोवर नेल्या आहे. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललोय. काढली आणि त्याने नेल्याला..." त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. "ठेवली तर नात जाते. काढली तर लेक. सांग ना, कुणाला देऊ?"

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "देव आहे तो, सावकार नव्हे! उठा, फादरकडे चला." फादरने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, नवस बदलता येतो, त्याहून चांगलं काही देता येतं, पोराच्या जिवासाठी दाढी देणं हे दाढी राखण्यापेक्षा मोठं आहे. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "फादर चांगला आहे. पण नवस बोललो तेव्हा तो कुठे होता?"

तरी ते गेले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसले तेव्हा मी शेजारी उभी होते. न्हाव्याला आधी सांगितलं, कात्री लावण्यापूर्वी सगळं ओलं कर, धूळ उडता कामा नये, आणि जमीन ओल्या फडक्याने पूस. नवसाचे केस आमच्यात सांतु क्रिस्तुच्या पायाशी वाहतात. हे कसे वाहणार? दाजींनी ती दाढी कामावरच्या जाड पिशवीत घातली, त्यावर दुसरी पिशवी घातली, गाठ मारली आणि वालडेमारच्या शिशाच्या कचऱ्यात स्वतःच्या हाताने टाकली. मी आयुष्यात इतकं उदास काही बघितलं नाही.

दाढीखालचा चेहरा मी ओळखलाच नाही. हनुवटी बारीक, मध्ये खळी. सॉमरसेटला नेल्याने दार उघडलं, बापाचं तोंड बघितलं, आणि गळ्यात पडली. हेली मात्र माझ्यामागे लपली. दाजींनी "ये गं सोन्या" म्हटलं तेव्हा आवाज ओळखून पुढे आली, आणि गालावर हात फिरवून दाढी शोधत बसली. मागे, कानाखाली, कॉलरमध्ये. त्या दिवशी तिला झोपवता झोपवता नाकी नऊ आले.

पुढच्या वर्षी कार्ड नवं करताना दाजींनी साधा मास्क घातला आणि त्यांना केळ्याचा वास आला नाही. हेलीचा आकडा उतरत गेला. नऊ झाला, मग सहा. सगळे म्हणाले, सुटलो.

दाजी नव्हते सुटले. मास्कसाठी दाढी रोज करावी लागते, आणि दर सकाळी तो नवस त्यांच्या हातून नव्याने मोडायचा. रविवारी मी कॉफी घेऊन वर गेले की न्हाणीघरातून त्यांची प्रार्थना ऐकू यायची, मग पाण्याचा आवाज, मग पुन्हा प्रार्थना. तोंड पुसून बाहेर आले की आधी नेल्याला फोन. "बरी आहेस ना? डोकं नाही ना दुखत?" नेल्या बँकेत मीटिंगमध्ये असो नाहीतर गाडीत, रोज उत्तर द्यायची. "बरी आहे, पापा." एकदा मला म्हणाली, "मावशी, मला साधी शिंकही चोरून द्यावी लागते."

फेब्रुवारीत फ्लूची साथ आली आणि नेल्या पडली. ताप असा की डोळे उघडवेनात. ब्रायन हेलीला घेऊन आपल्या आईकडे गेला आणि मी नेल्यापाशी राहायला आले. दाजींना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. सकाळी फोन आला. नेल्याने घसा खाकरला, उसना जोर आणला आणि म्हणाली, "बरी आहे, पापा." दाजींनी फोन ठेवला. थोड्या वेळाने दाजी दारात उभे. हातात सुपाचं भांडं. मला बाजूला सारून ते आत गेले, तिच्या कपाळाला हात लावला आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी उठले नाहीत. रात्रीही नाहीत.

दुसऱ्या दिवशीही बसलेलेच. मी जेवायला हाक मारली, तर मान हलवली. गालांवर पांढरे खुंट उगवले होते. मला वाटलं, मी बोलावं. पण नेल्यानेच डोळे उघडले.

"पापा, दाढी का केली नाही?"

"वेळ नाही झाला."

"खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही ते." ती कोपरावर उठून बसली. "परत वाढवताय ना?"

दाजी खाली बघायला लागले. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "चार वर्षांची होतीस तू! असाच ताप होता. असंच कपाळ होतं. मी तेव्हा दिलं आणि त्याने तुला सोडलं. आता मी माझं काढून घेतलं, तर तो..."

"तो काय? मला घेऊन जाईल?" नेल्याचे ओठ कोरडे पडले होते, पण बोलणं बँकेतल्यासारखं होतं. "साऱ्या गावाला फ्लू झालाय. सगळ्यांच्या बापांनी काय दाढ्या काढल्या? तुम्ही माझ्यासाठी इतकी वर्षं राखली. मी विसरणार नाही. पण आता माझ्या नावाने ती पुन्हा वाढवलीत, तर परवा हेली येईल, तिच्यात तोंड खुपसेल, आणि तुम्हाला पुन्हा कामावर जायचंय. माझ्या नावाने माझ्या पोरीला द्यायचंय ते? मला नको असला नवस."

"आणि तू उठली नाहीस तर?"

"तर मी आजारी होते म्हणून. तुमच्या गालामुळे नाही."

मी म्हटलं, "अगं, निजून राहा." माझं कोण ऐकतंय? तिने पांघरूण बाजूला केलं, भिंतीला धरत न्हाणीघराकडे निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "या." आणि साठी उलटलेला तो माणूस उठून लेकीच्या मागे गेला.

तिथे ब्रायनचा वस्तरा होता. दाजींनी साबण लावला, वस्तरा उचलला, आणि त्यांचा हात इतका थरथरायला लागला की पातं गालाला लागेना. नेल्या टबाच्या काठावर बसली होती, तापाने लालबुंद. तिने हात पुढे केला. "द्या इकडे. माझा हात गरम आहे, पण हलत नाही."

तिने बापाची दाढी केली. हळूहळू, एक गाल, मग दुसरा, मग हनुवटीची खळी. दाजींनी डोळे घट्ट मिटले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन साबणात मिसळत होतं. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

ताप लगेच उतरला नाही. आणखी तीन दिवस होता. त्या तिन्ही दिवशी दाजींनी सकाळी उठून आधी दाढी केली, आणि मग लेकीच्या कपाळाला हात लावला.